तव्यावरची तुकडी : वाचकांच्या शंका

मागील अंकात कामाच्या दिवशी अर्ध्या तासात होणाऱ्या मासळीच्या जेवणाविषयी लिहिताना सुरमईच्या तुकड्या थोड्या तेलात तव्यावर तळण्याची कृती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतील बहुतेक शंका तव्याविषयीच्या आहेत आणि उरलेल्या बाजाराविषयीच्या. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक शंकांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : तुकड्या तव्यावर ठेवल्या की हमखास चिकटतात. उलथने घालून सोडवायला गेले की मसाला तव्यावर राहतो आणि पांढरा मासा वर येतो. तेल वाढवून पाहिले, नवा नॉनस्टिक तवा आणला, तरी एखादी तुकडी मोडतेच. माझ्या सासूबाई बिडाच्या जुन्या तव्यावर पळीभर तेलात तळत असत आणि त्यांची तुकडी कधी मोडत नसे. माझे नेमके काय चुकते? (वाचिका, डोंबिवली)

उत्तर : आपण तेल वाढवून पाहिलेत, पण आपल्या वर्णनावरून अडचण तेलाची नसून पाण्याची आणि घाईची आहे असे वाटते. धुतलेल्या, मीठ लावलेल्या तुकडीच्या अंगावर बरेच पाणी असते. ते उकळून उडून जाईपर्यंत तुकडीचा खालचा थर १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग तर साधारण १४० अंशांच्या पुढे धरू लागतो. तेवढ्या वेळात तुकडी तळली न जाता वाफेवर शिजते आणि माशातील कच्ची प्रथिने तव्याच्या धातूला घट्ट धरून बसतात. याच वेळी आपण उलथने घालतो. तळाशी कोरडे, कडक कवच तयार झाले की तुकडी तव्याला आपोआप सोडते, तिला सोडवावे लागत नाही. तुकडी सुटत नसेल, तर ती अजून उलटायची झालेली नाही असे समजावे आणि हात आवरता घ्यावा.

म्हणून पहिले काम तुकडी कोरडी करण्याचे. अर्धा किलो तुकड्यांना चहाचा एक चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून पंधरा-वीस मिनिटे त्या तिरप्या ताटात ठेवाव्यात. मिठाने सुटलेले पाणी ताटाच्या खालच्या कडेला जमते; ते ओतून टाकावे आणि प्रत्येक तुकडी स्वच्छ पंचाने दोन्ही बाजूंनी टिपून घ्यावी. हे पाणी मसाल्यात पुन्हा मुरू देण्याची काही घरांत पद्धत आहे, पण चिकटण्याचे आणि वास येण्याचे अर्धे मूळ तेथेच असते. त्यानंतर तिखट आणि आले-लसणाचे वाटण अगदी पातळ हाताने लावावे. वाटणाचा जाड लेप दिला, तर मासा शिजण्याआधी लसूण करपतो, आणि तो करपू नये म्हणून आच कमी केली की तुकडी पुन्हा पाण्यात बसते.

दुसरे काम तव्याचे. तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे तापू द्यावा, मग तेल घालावे आणि तेही तापू द्यावे. तेल तापले की पातळ होऊन तवा हलवताच चटकन पसरते. चिमूटभर तांदळाचे पीठ टाकले, तर लगेच बुडबुडे येऊन ते वर उसळते. त्या क्षणी तुकडी ठेवावी, तीही आपल्यापासून दूरच्या दिशेने आडवी सोडावी, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा असावी. गर्दी केली की तवा निवतो आणि सगळ्या तुकड्यांना एकदमच पाणी सुटते. मध्यम तव्यावर तीन-चार तुकड्या पुरेत.

सासूबाईंच्या बिडाच्या तव्याचे गुपित म्हणजे त्याचे वजन आणि वर्षानुवर्षे तेलाने धरलेला काळा तकतकीत थर. जाड बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे थंड मासा ठेवला तरी तवा लगेच निवत नाही. तो तवा घरात असेल तर जरूर बाहेर काढावा. मात्र भरपूर लिंबू, चिंच किंवा कोकम लावलेली तुकडी त्यावर ठेवल्यास आंबटपणाने तो थर निघतो आणि माशाला लोखंडाची चव येते. नॉनस्टिक तव्यावर चिकटण्याची भीती कमी, पण तो मोठ्या आचेवर रिकामा तापवू नये. साधारण २६० अंशांपुढे त्याचे आवरण खराब होऊन अपायकारक धूर सुटू लागतो.

प्रश्न : आम्ही सोलापूरकडे राहतो. सुरमई बर्फातून येते आणि बहुधा कापलेलीच मिळते. कापलेल्या तुकडीवरून ताजेपणा कसा ओळखावा? तुकडी किती जाड असावी? आमच्याकडे रोहू-कटला ताजा मिळतो, तो असा तळता येईल का? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : अख्ख्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत आणि कल्ले लाल असावेत हे सर्वांना ठाऊक असते, पण कापलेल्या तुकडीला डोळेही नसतात आणि कल्लेही. तेथे मधल्या काट्याकडे पाहावे. ताज्या तुकडीत मांस काट्याला घट्ट धरून असते. शिळी होऊ लागली की काट्याभोवती फट पडते. मांसात काट्याच्या दोन्ही अंगांना कातडीकडे जाणारा गडद पट्टा असतो. तो लालसर असला तर उत्तम, तपकिरी झाला असेल तर तुकडी जुनी. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला, किंवा ताटात दुधासारखे गढूळ पाणी साचलेले दिसले, तर दोन पावले पुढच्या गाळ्याकडे जावे. शक्य असेल तेथे अख्खा मासा दाखवायला सांगून समोर कापून घ्यावा. मासळी विकणाऱ्या बाईंना हे नवे नाही. ओळखीच्या गिऱ्हाईकाला त्या न सांगताच मधला भाग काढून देतात.

जाडीविषयी माझा आग्रह आहे. बाजारात पुष्कळदा अर्धा इंचही न भरणाऱ्या तुकड्या पाडतात, कारण नग जास्त दिसतात. अशा तुकडीचा रंग बदलेपर्यंत आतला मासा कोरडा होऊन जातो. तव्यासाठी पाऊण इंच, म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर जाडी सर्वांत चांगली, आणि सर्व तुकड्या सारख्या जाडीच्या हव्यात. इंचापेक्षा जाड तुकडी कालवणात घालावी. सुरमईच्या डोक्याकडच्या तुकड्यांना पोटाची पोकळी असते. त्यांची पोटाकडची पातळ टोके लवकर होतात, पण चरबीमुळे चवीला फार छान लागतात. शेपटीकडच्या तुकड्या लहान, भरीव आणि थोड्या कोरड्या. दोन्ही प्रकार एकाच वेळी तव्यावर ठेवू नयेत.

सुरमईखेरीज हलवा, रावस आणि घोळ यांच्या तुकड्या तव्यावर चांगल्या होतात. हलव्याचे मांस घट्ट असल्याने नवशिक्याने त्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. रावस मऊ आणि पाकळ्या सुटणारा, म्हणून त्याला उलटताना दोन उलथनी लागतात. पापलेट हा २०२३ पासून राज्याचा मासा ठरला आहे, पण तो अख्खा, अंगावर चिरा पाडून तळण्यातच त्याचा मान आहे. मोठा असेल तरच तुकड्या कराव्यात.

रोहू-कटल्याच्या तुकड्या अवश्य तळाव्यात. ताजा रोहू हा आठ दिवस बर्फात पडलेल्या सुरमईपेक्षा केव्हाही चांगला. फक्त त्याच्या मांसात दोन टोके फुटलेले बारीक काटे असतात, तेव्हा लहान मुलांच्या पानात वाढताना तुकडी उकलून पाहावी. गोड्या पाण्यातील माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो; तो आंबटाने कमी होतो, म्हणून रोहूला चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून दहा मिनिटे ठेवणे उपयोगी पडते.

आणखी एक. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आपल्या गावी येणारी सुरमई शीतगृहातील किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची असण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा खरेदी करताना ‘आजची आहे’ या बोलण्यापेक्षा काट्याभोवतीच्या फटीवर विश्वास ठेवावा.

प्रश्न : तुकड्या मसाला लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या तर चव अधिक मुरते का? आमच्याकडे आदल्या रात्री लिंबू, आले-लसूण, तिखट लावून ठेवतात. (वाचिका, ठाणे)

उत्तर : मटणाला जे मानवते ते माशाला मानवत नाही. माशाचे स्नायू मुळातच मऊ असतात, त्यांना मऊ करण्यासाठी काही मुरवावे लागत नाही. लिंबाचा रस लावून तासभर ठेवलेली तुकडी पाहावी : तिच्या कडा न शिजवताच पांढऱ्या झालेल्या दिसतील. आम्लाने प्रथिने घट्ट होतात, आतले पाणी बाहेर टाकतात, आणि अशी तुकडी तव्यावर गेल्यावर भुसभुशीत होते. लिंबू किंवा आगळ लावायचेच असेल, तर तळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आगळात मीठ असतेच, त्यामुळे वेगळे मीठ निम्म्यावर आणावे. माझ्या मते ताज्या सुरमईला आधी फक्त हळद-मीठ आणि पानात वाढताना लिंबाची फोड एवढेच करावे. आंबट चव वरून अधिक स्वच्छ लागते.

गोव्याकडील रेशाद मसाल्यात व्हिनेगर असते, तरी तो मसाला मुख्यतः बांगड्याच्या पोटात भरून लगेच तळण्यासाठी वापरतात. तो तुकड्यांना लावायचा झाल्यास पातळ लावून आच मंद ठेवावी. सकाळची घाई टाळायची असेल, तर आदल्या रात्री वाटण करून वेगळ्या डब्यात ठेवावे आणि मासा कोरडा टिपून वेगळा. सकाळी दोन मिनिटांत दोन्ही एकत्र येतात.

प्रश्न : वरून रवा लावावा की तांदळाचे पीठ? घरात यावरून दोन पक्ष आहेत. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही पक्षांना जेवायला बसवावे. बारीक रवा कुरकुरीत जाड कवच देतो, आणि बोंबलासारख्या पाणीदार माशाला त्याची गरजही असते. सुरमईला मात्र मी तांदळाचे पीठ पसंत करते, कारण त्याचा थर पातळ बसतो आणि माशाची चव झाकत नाही. मधला मार्ग हवा असेल, तर दोन भाग तांदळाचे पीठ आणि एक भाग बारीक रवा. कशातही घोळवले तरी ते तव्यावर ठेवण्याच्या अगदी आधी घोळवावे आणि जास्तीचे झटकून टाकावे. आधीपासून लावून ठेवले की पीठ ओले होऊन लुकण होते. सुटलेला रवा तेलात करपतो आणि पुढच्या तुकड्यांना कडवट चव देतो, म्हणून दर खेपेनंतर तवा कागदाने पुसून नवे तेल घालावे.

प्रश्न : बाहेरून तुकडी छान लाल होते, पण काट्याजवळ कच्ची राहते. झाकण ठेवले तर कवच मऊ पडते. नेमका किती वेळ तळावी? तुकडी मध्ये वाकून वाटीसारखी होते, त्याचे काय? (वाचिका, पणजी)

उत्तर : वाकण्याचे कारण कातडी. उष्णतेने ती मांसापेक्षा अधिक आकसते. तुकडीच्या कडेला कातडीवर दोन-तीन ठिकाणी सुरीने लहान छेद द्यावेत आणि तव्यावर ठेवल्यावर पहिली दहा-पंधरा सेकंद उलथन्याने हलकेच दाबून धरावे, एवढ्याने ती सपाट राहते.

वेळेचा ढोबळ हिशेब असा की, एक इंच जाडीला दोन्ही बाजू मिळून सुमारे दहा मिनिटे लागतात. पाऊण इंचाच्या तुकडीला सात-आठ. यांपैकी अर्ध्याहून अधिक वेळ पहिल्या बाजूला द्यावा. घड्याळापेक्षा तुकडीची कड अधिक खरे सांगते. कच्च्या सुरमईचे मांस करडे-गुलाबी आणि अर्धपारदर्शक असते. खालून उष्णता चढू लागली की कडेवर पांढरी रेघ दिसते आणि ती हळूहळू वर सरकते. ती मध्याच्या थोडी वर गेली की उलटावे. दुसरी बाजू चार मिनिटांच्या आतच होते. मग सुरीचे टोक काट्याला लावून पाहावे. मांस काट्यापासून सहज सुटले आणि आत पारदर्शकपणा उरला नसला की झाले. स्वयंपाकघरातील तापमापक असेल, तर काट्याजवळ ६३ अंश ही सुरक्षित खूण समजतात.

आपली तुकडी आत कच्ची राहते, याची दोन कारणे संभवतात. एक तर आच मोठी आहे. आधी तापवताना मध्यम, तुकडी ठेवल्यावर अर्ध्या मिनिटाने किंचित कमी, असा क्रम ठेवावा. दुसरे म्हणजे मासा थेट फ्रीजमधून तव्यावर जातो. मिठाची ती पंधरा मिनिटे ओट्यावरच गेली, तर मधला गारठा कमी होतो. पणजीच्या उन्हाळ्यात मात्र त्याहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. झाकणाची गरज नाही. काढलेल्या तुकड्या ताटात एकावर एक रचण्याऐवजी जाळीवर सुट्या ठेवाव्यात, नाहीतर खालचे कवच वाफेनेच मऊ होते.

प्रश्न : गेल्या महिन्यात सुरमईच्या तुकड्या खाल्ल्यावर अर्ध्या तासात मला आणि माझ्या भावाला चेहरा लाल होणे, अंगाला खाज आणि डोकेदुखी असा त्रास झाला. मासा नीट तळलेला होता. आम्ही लहानपणापासून सुरमई खातो. आता ती कायमची सोडावी का? (वाचक, पुणे)

उत्तर : निदान डॉक्टरांनीच करावे, आणि ते अवश्य करून घ्यावे, श्वासाला त्रास, घशाला सूज किंवा भोवळ असे काही झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तरीही आपण सांगता त्यातील एक गोष्ट महत्त्वाची आहे : त्रास दोघांना एकाच वेळी झाला. सुरमई, बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यापासून कोठेही काही तास उबेत राहिला, की जीवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात, आणि आपण लिहिलेली सर्व लक्षणे हिस्टामीनमुळे येऊ शकतात. एकदा तयार झालेले हिस्टामीन तळण्याने जात नाही, उकळण्याने जात नाही आणि गोठवल्यानेही जात नाही. अशा माशाला नेहमीच वाईट वास येतो असेही नाही; काहींना जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवते, तसे झाले तर घास तेथेच थांबवावा.

ही माशाची खरी ॲलर्जी असेल, तर मासा सोडावाच लागेल. हिस्टामीन असेल, तर दोष सुरमईचा नसून तिच्या प्रवासाचा आहे. बाजारात मासा बर्फावर नुसता मांडलेला नसून बर्फात गाडलेला असावा. आपल्या हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ हे प्रमाण उगाच सांगत नाहीत. मासळी ही बाजाराच्या फेरीतील शेवटची खरेदी ठेवावी, घरी नेण्यासाठी बर्फाची पिशवी सोबत असावी आणि घरी आल्यावर मासा ४ अंशांच्या खाली ठेवून त्याच दिवशी शिजवावा. चारचाकीच्या मागच्या डिकीत दुपारभर राहिलेला मासा टाकून देण्याची मनाची तयारी असावी. सुरमईचा भाव पाहता हे जड जाते, पण इलाज नाही.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिला भारतीय दुकानात गोठवलेली सुरमई मिळते. ती तव्यावर पाणी सोडते आणि घरात धूर होऊन अलार्म वाजतो. तिला सध्या दिवस गेले आहेत. सुरमई खाणे योग्य आहे का? (वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मोठ्या, शिकारी माशांत पारा साठत जातो आणि तो गर्भाच्या मज्जासंस्थेला घातक ठरू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांनी टाळावयाच्या माशांत किंग मॅकरेल, शार्क आणि स्वोर्डफिश यांची नावे दिली आहेत. किंग मॅकरेल ही आपल्या सुरमईच्याच कुळातली, आणि शार्क म्हणजे आपली मोरी. तेव्हा बाळंतपण होऊन बाळाचे अंगावरचे दूध सुटेपर्यंत मुलीने सुरमईला रजा द्यावी आणि नेमकी शंका तिच्या डॉक्टरांना विचारावी. मासे बंद करण्याचे मात्र कारण नाही. सॅमन हा त्याच प्रशासनाच्या चांगल्या माशांच्या यादीत आहे, तिकडे सहज मिळतो, आणि काट्यासह आडव्या कापलेल्या त्याच्या तुकड्या हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर फार सुरेख होतात. त्याच्या अंगची चरबी सुटते, म्हणून तेल चमचाभर पुरते आणि पिठाची गरज पडत नाही. कॉड घेऊ नये. उलटताना त्याच्या पाकळ्या सुट्या होतात. या दिवसांत तुकडी काट्यापर्यंत पूर्ण शिजवावी.

गोठवलेल्या माशात बर्फाचे स्फटिक स्नायूंच्या पेशी फोडतात, म्हणून वितळताना पाणी अधिक सुटते. घाईने वितळवल्यास ते वाढते. आदल्या रात्री तुकड्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर, खाली ताट ठेवून ठेवाव्यात. पाकीट हवा काढून बंद केलेले असेल, तर ते आधी उघडावे, कारण हवा नसलेल्या पाकिटात वितळताना घातक जीवाणू वाढू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये वितळवल्यास कडा शिजतात आणि मध्ये बर्फ राहतो.

धुराचे कारण बहुधा विजेची शेगडी. ती सावकाश तापते आणि बटण फिरवले तरी सावकाश निवते, त्यामुळे आच कमी करणे म्हणजे तवा उचलून बाजूला घेणे हे तिला सांगावे. घाण्याचे तेल लवकर धुरावते. अशा शेगडीवर रिफाइंड शेंगदाणा तेल बरे. धूर दिसू लागण्याआधी तुकडी तव्यावर पडली पाहिजे.

प्रश्न : तळणीनंतर घरात आणि भांड्यांना दोन दिवस वास राहतो. उरलेले तेल पुन्हा वापरावे का? (वाचक, नागपूर)

उत्तर : पळीभर तेलात तळले, तर उरण्याजोगे काही राहत नाही, राहिलेच तर टाकून द्यावे, कारण त्यात करपलेला मसाला असतो. माशाच्या वासातील मुख्य द्रव्य ट्रायमिथिलअमाइन हे अल्कधर्मी असते, आणि आम्लाशी संयोग झाला की ते उडून हवेत जात नाही. म्हणून विळी, पाट आणि ताटे आधी गार पाण्याने धुऊन मग लिंबाची साल किंवा चिंचेचा चोथा चोळावा. सुरुवातीलाच गरम पाणी ओतल्यास प्रथिने चिकटून वास धरून राहतो. बिडाच्या तव्याला आंबट लावू नये. तो गरम असतानाच जाड मिठाने घासावा, पुसून पुन्हा तापवावा आणि तेलाचा बोळा फिरवून ठेवावा.